पाट्याचा दगड आणि हिंदी महासागरातली बेटं

तुमच्या घरी पाटा-वरवंटा अजून आहे का? मिक्सर आल्यापासून बहुतेक घरांत तो परसात भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, आणि कुणाचं बारसं निघालं की वरवंट्याला तेवढ्यापुरती आंघोळ घडते! पण कधी निवांत वेळ मिळाला तर तो पाटा जरा न्याहाळून बघा. काळा, जड, बारीक कणांचा दगड. वडारणीनं तो दारात आणून विकला, वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावून दिली, एवढंच आपल्याला ठाऊक. पण या दगडाचा जन्म ज्या चुलीवर झाला, ती चूल विझलेली नाही. ती आज सांगलीपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रियुनियन नावाच्या बेटाखाली धगधगते आहे.

ऐकायला कहाणीच वाटते, पण बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांचं मत असंच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला हा दख्खनचा मुलूख आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होता. जमिनीच्या पोटातून तप्त रसाचा मोठा लोंढा वर आला, भेगांतून बाहेर पडला, पसरला, निवला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. पाचगणीच्या टेबललँडवरून समोरच्या डोंगरांकडे पाहिलंत तर हे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, आपल्या कृष्णाकाठची देवळं, सगळं त्याच काळ्या दगडाचं.

पुढचं समजायला शिवणयंत्र डोळ्यांपुढे आणा. सुई जागच्या जागी खालीवर होते, सरकतं ते कापड. पण टाके मात्र कापडावर लांबच लांब पडत जातात. तसंच झालं. पोटातली आग जागच्या जागी राहिली आणि वरची जमीन उत्तरेकडे सरकत गेली. जिथं जिथं आग वर आली तिथं तिथं समुद्रात डोंगर उठले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटचा टाका रियुनियन. मधेच समुद्राच्या तळाला भेग पडून ही शिवण उसवली आणि तिचे दोन तुकडे झाले. जुने डोंगर हळूहळू खचून पाण्याखाली गेले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळांनी घरं बांधली. म्हणून लक्षद्वीप-मालदीवला पांढरी वाळू दिसते, काळा दगड दिसत नाही. तो खाली आहे.

मॉरिशस त्यामानानं तरुण, ८० लाख वर्षांच्या आसपासचं. त्याचा ज्वालामुखी आता शांत आहे. क्युरपीप या गावात मधोमध एक मोठं गोल विवर आहे, 'त्रू ओ सेर्फ'. आत दाट झाडी, कडेनं रस्ता, सकाळी माणसं तिथं फेऱ्या मारायला येतात. अंगणात विहीर असावी तसा त्यांच्या गावात ज्वालामुखी!

मुख्य बेट आपल्या एखाद्या दोन-तीन तालुक्यांएवढं, सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. मादागास्करच्या पूर्वेला, कुठल्याही मोठ्या भूमीपासून दूर. इतकं दूर, की डच लोक १५९८ मध्ये उतरले तेव्हा तिथं माणसाची वस्तीच नव्हती. डोडो पक्षी तेवढा होता. कबुतराच्या कुळातला, पण जाडजूड आणि उडता न येणारा. त्याला शत्रू कधी माहीतच नव्हता, त्यामुळे माणूस जवळ आला तरी पळत नसे. जहाजांबरोबर आलेली डुकरं, उंदीर, माकडं यांनी त्याची अंडी फस्त केली आणि शंभर वर्षं पुरी होण्याआधीच डोडो संपला. आता तो चहाच्या कपावर आणि मुलांच्या सदऱ्यावर भेटतो.

डचांनीच १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. मग १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. राज्यं बदलली, ऊस राहिला. आणि ऊस म्हटलं की तोडायला माणसं लागतात, हे सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला सांगायला नकोच. फ्रेंचांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८३५ मध्ये तिथं गुलामगिरी बंद झाली, आणि मळेवाल्यांनी आधीच हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून पहिले ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोचले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं अशीच नेली गेली. अंगठा उठवायचा तो 'ॲग्रीमेंट'वर, त्याचं आमच्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं.

कलकत्ता, मद्रास यांच्या जोडीनं मुंबई बंदरातूनही माणसं गेली. त्यात रत्नागिरी आणि सावंतवाडीची पुष्कळ, आणि घाटावरची, सातारा-कोल्हापूरकडचीही. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्यासारखा नव्हे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा त्यातच होते. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे मॉरिशसच्या जुन्या वह्यांत कुणाच्या नावापुढे 'सातारा' लिहिलेलं असलं, तर तो माणूस आपल्या शेजारच्या गावचाही असू शकतो.

त्या वह्या अजून आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. १८६० नंतरच्या काळात फोटोही काढू लागले. पुरुषांचे आणि बायकांचेही. बाईचा फोटो तो, पण हौसेचा नव्हे. कैद्याचा काढावा तसा, पुढ्यात नंबर घेऊन. तो फोटो लावलेला परवाना जवळ नसेल आणि पोलिसानं रस्त्यात हटकलं तर उनाड म्हणून आत टाकत. पगार महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, आजारी असलं तरी. याला तिथं 'डबल कट' म्हणत. घरात मूल तापानं फणफणलेलं असताना बाईनं काय करायचं, याचं उत्तर त्या करारात नव्हतं.

पोर्ट लुईच्या बंदरावर जिथं ही माणसं उतरत, त्या जागेचं नाव आप्रवासी घाट. १८४९ मध्ये बांधलेला. आज तो जागतिक वारसा आहे, २००६ पासून. बघायला गेलं तर फार काही नाही. थोड्या पडक्या खोल्या, मोऱ्या आणि काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. पण त्या पायऱ्यांसमोर उभं राहिलं की घसा दाटून येईल, अशी जागा आहे. बोटीत कित्येक आठवडे काढून, पोटाशी पोर धरून, सांगलीकडची एखादी बाई जिथं पहिलं पाऊल टाकते तो दगडही तिच्या गावच्याच जातीचा असतो. तिला हे कुठून कळणार!

मुलींना सांगण्यासारखी आणखी एक कथा आहे, अंजलाय कुपेन हिची. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये बेल व्ह्यू आरेल इथल्या मळ्यात मजुरांनी पगारासाठी संप केला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ही मजूर बाई गेली. ती गर्भवती होती. आज त्या देशातल्या एका मोठ्या क्रीडांगणाला तिचं नाव आहे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं, १९९२ मध्ये प्रजासत्ताक.

मराठी मंडळी तिथं आज लोकसंख्येत थोडी आहेत. सगळा देशच साडेबारा लाखांच्या आसपास. त्यांची आडनावं ऐकलीत तर गंमत वाटेल. बोटीतून उतरलेल्या आजोबांचं पाळण्यातलं नाव कारकुनानं कानाला लागेल तसं लिहून घेतलं, तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे पाटील-देशमुख नाहीत, शेवटी 'जी' लागलेली नावं मात्र भरपूर. पश्चिमेकडचं कास्कावेल हे गाव मराठी वस्तीचं म्हणून ओळखलं जातं. गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावी सुरू झाला असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' झाली आहे. ढोलकी, गोल रिंगण, गाणी, सगळं तेच. शाळेत मराठी हा विषय घेता येतो.

पण घरात बोलणं क्रिओलमध्ये. फ्रेंचवरून घडलेली ती बेटाची बोली सगळ्यांची, मराठी, तमिळ, भोजपुरी, मुसलमान, आफ्रिकी, चिनी. आरती तोंडपाठ, पण नवऱ्याशी भांडायचं तर क्रिओलमध्ये! आपण इथं बसून नाकं मुरडू नयेत. दोनशे वर्षांच्या वाटेवर, कुणी पत्र न पाठवता, कुणी माहेरी न बोलावता, त्यांनी गौरी-गणपती धरून ठेवले. आपली पोरं पुण्या-मुंबईला गेली की दहा वर्षांत किती मराठी उरतं, ते ज्याचं त्यानं बघावं.

आता स्वयंपाकघराकडे वळू या. मॉरिशसच्या घरात पाटा-वरवंटा असतोच. त्याचं नाव 'रोस कारी', म्हणजे कालवणाचा दगड. त्याच ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा. आणि वरवंट्याला म्हणतात 'बाबा', म्हणजे बाळ. आपण बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवतो, आणि हे लोक त्याला रोजच बाळ म्हणतात!

रस्त्यावर गाड्यांवर मिळते ती 'धोल पुरी'. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून पोळीत भरायची. थोडक्यात, गूळ न घातलेली पुरणपोळी. ती कधी एक मागायची नसते, जोडीनंच देतात. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचं कालवण, टोमॅटोची 'रुगाय' आणि झणझणीत मिरचीची चटणी घालून गुंडाळी. 'गातो पिमां' हे नाव ऐकून केक समजाल, निघतील आपले डाळवडे. 'आलुदा' म्हणजे सब्जा घातलेला फालुदा. एकच सावधगिरी. तिथं हळदीला 'साफ्रां' म्हणतात. सांगलीच्या बाईनं बाजारात केशर म्हणून घासाघीस करावी आणि पुडीत हळद निघावी, असं व्हायला नको.

नुसतीच खाण्या-फिरण्याची गोष्ट सांगून थांबले तर मात्र या बेटांवरचा मोठा अन्याय राहून जाईल. शिवणीच्या मधल्या टाक्यांपैकी एक म्हणजे चागोस. मॉरिशसच्या ईशान्येला दोन हजार किलोमीटरवर असलेली प्रवाळबेटं. तिथं नारळाच्या मळ्यांत काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. १९६५ मध्ये ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. तळाला माणसं नको होती. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांना हलवलं, बोटींत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडलं. त्यांची कुत्री आधी मारून टाकली.

रीता बांकूल ही बाई त्यातली. लहान मुलीचा पाय गाडीखाली चिरडला म्हणून उपचारासाठी तिला घेऊन मॉरिशसला आली. मुलगी वाचली नाही. परत जायला बोटीचं तिकीट मागायला गेली तर सांगण्यात आलं, तुमचं बेट विकलं गेलं. घरात भांडीकुंडी तशीच, दाराला कडी तशीच. पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत अशी कितीतरी कुटुंबं येऊन पडली. माणसं झुरून गेली, त्याला त्यांच्या बोलीत 'साग्रें' म्हणतात. आपल्याकडे खंत घेतली म्हणतो तेच.

आणि लढल्या त्या बायका. शार्लेसिया अलेक्सी, लिझेत तालात, रीता बांकूल. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या. उपोषणं केली, मोर्चे काढले, पोलिसांची लाठी खाल्ली, तुरुंग पाहिला. रीताबाईंचा मुलगा ऑलिव्हिए मोठा झाला आणि लंडनच्या कोर्टात उभा राहिला. २००० मध्ये जिंकला, २००८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनापुढे हरला. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की ब्रिटननं ही बेटं सोडावीत. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या, त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाड्यावर ठेवूनच. शार्लेसिया आणि लिझेत २०१२ मध्येच गेल्या, रीता २०१६ मध्ये. कोयनेच्या आणि वारणेच्या धरणात घर गेलेल्या बायका आपल्या जिल्ह्यांत आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बायकांच्या हिमतीची आणखी एक हकीकत, अलीकडची. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. निळं पाणी काळं झालं. लोक सरकारची वाट पाहत बसले नाहीत. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं, आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. केस तेल धरून ठेवतात म्हणून लोकांनी आपले केस कापून दिले, तेही या पिशव्यांत गेले. आपण फडात पाचट पेटवून देतो, त्यांनी त्यानं समुद्र वाचवला.

रियुनियन हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, मॉरिशसहून विमानानं पाऊण तासावर. आपली ती चूल इथं. पिटों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर उंच, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा सेंट रोझ गावात शिरला, घरं गिळली, चर्चपर्यंत आला आणि तिथं दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेला. त्या चर्चला आता 'लाव्हाची माउली' अशा अर्थाचं नाव आहे. पाऊसही तसाच. जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. सांगलीत तीन वर्षांत मिळून जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात!

डोंगरातल्या सिलाओस गावच्या बायका पांढऱ्या कापडातले धागे काढून नाजूक जाळीचं भरतकाम करतात, आणि तिथला बारीक मसूर नावाजलेला आहे. अख्खा मसूर ही आपली मक्तेदारी समजणाऱ्या इस्लामपूर-कऱ्हाडकरांनी नोंद घ्यावी. केकमध्ये आपण व्हॅनिला घालतो, तोही याच बेटामुळे घरोघर पोचला. वेलीला फुलं येत, पण शेंग धरत नसे. १८४१ मध्ये एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीच्या टोकानं आणि अंगठ्यानं फुलात परागकण लावायची युक्ती शोधली. आजही व्हॅनिलाचं फूल न् फूल तसंच हातानं फळवतात. त्या मुलाला मात्र त्यातून काही मिळालं नाही, गरिबीतच गेला.

रॉड्रिग्ज हे तिसरं, छोटं, १०८ चौरस किलोमीटरचं. ते मॉरिशसमध्येच मोडतं. तिथं ओहोटी लागली की बायका टोकदार सळ्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतात आणि अष्टपाद मारतात. २०१२ पासून वर्षातले काही आठवडे ही शिकार बंद ठेवतात, आणि त्या दिवसांत या बायकांना दुसरं काम देतात. बंदी उठली की अष्टपाद आकारानं मोठे मिळतात.

जायचा बेत असेल तर थोडं व्यवहाराचं. मुंबईहून पोर्ट लुईला थेट विमान आहे, साधारण सहा तास. घड्याळ दीड तास मागं करायचं. भारतीय पारपत्र असलेल्यांना मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथं उतरल्यावर मिळतो, मात्र परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. नियम बदलतात, निघण्यापूर्वी विचारून घ्या. रियुनियनचे नियम फ्रान्सचे, ते वेगळे. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, टाळावेत. तिथला हिवाळा मे ते ऑक्टोबर. गणपतीत गेलात तर हवाही छान आणि उत्सवही बघायला मिळेल. क्युरपीप उंचावर आहे, तिथं केव्हाही पाऊस येतो, एक स्वेटर असू द्या.

बहुतेक सहलींत किनारे आणि दुकानं यातच दिवस संपवतात. आप्रवासी घाट यादीत नसेल तर आवर्जून सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. गंगा तलाव बघाल तेव्हा लक्षात असू द्या, तो तलावही ज्वालामुखीच्या मुखातच साठलेला आहे. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेलं गंगाजल ओतलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं पायी तिथं येतात. पांपलमूसच्या बागेत परातीएवढी, किंबहुना त्याहून मोठी कमळपानं आहेत. समुद्रात उतरताना पायात रबरी बूट हवेत, प्रवाळ कापतो. प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

आणि घरात कुणी पणजोबांचे भाऊ 'मिरीच देशा'ला गेले आणि परत आलेच नाहीत, असं म्हातारी माणसं सांगत असतील, तर नाव, बापाचं नाव आणि गाव एका कागदावर लिहून न्या. 'मिरीच' म्हणजेच मॉरिशस. मोक्याच्या संस्थेत त्या वह्यांतून वंशावळ शोधून देण्याची सोय आहे.